शिक्षकाची पारख आणि गुणांचा तक्ता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शिक्षकांचे मूल्यमापन कसे व्हावे आणि ते कोणी करावे, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रे लांब होती. येथे त्यांतील प्रश्नापुरता भाग घेतला आहे, आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चौथीच्या वर्गाला गणित शिकवते. आमच्याकडे मुलांच्या मागील वर्षीच्या आणि यंदाच्या गुणांतील फरकावरून शिक्षकांची क्रमवारी लावली जाते. गेल्या वर्षी माझे नाव वरच्या काही नावांत होते. यंदा ते जवळजवळ तळाला आहे. शिकवण्याची रीत तीच, तयारी तीच, मेहनतही तीच. एका वर्षात माझ्यात एवढा काय बदल झाला, हे मला कळत नाही.

उत्तर : तुमच्यात फारसा बदल झाला नसण्याचीच शक्यता अधिक आहे. बदलली ती मुले, आणि एका वर्गात मुले असतात तरी किती? पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात तीन मुले परीक्षेच्या आठवड्यात आजारी पडली, दोघांच्या घरी काही बिनसले आणि एखादे मूल वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शाळेतून आले, एवढ्यानेही सरासरी इतकी हलते की क्रमवारीत मधल्या जागेवरच्या शिक्षकाने पंधरा-वीस पायऱ्या खाली येणे मुळीच अवघड नाही. त्यातच वर्गवाटप चिठ्ठ्या टाकून होत नसते. ज्या शिक्षिकेला अवघड मुले सांभाळता येतात तिच्याकडेच ती मुले सोपवण्याचा मुख्याध्यापकांचा कल असतो, आणि मग गुणांच्या तक्त्यात तिच्या कौशल्याचीच तिला शिक्षा होते.

गुणांतील वाढीवरून शिक्षकाचा वाटा काढण्याच्या या पद्धतीला ‘मूल्यवर्धन प्रतिमान’ म्हणतात. अमेरिकेत तिचा वापर झपाट्याने वाढला, तेव्हा तेथील संख्याशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने, २०१४ साली एक निवेदन काढले. मुलांच्या गुणांत जी एकूण तफावत दिसते तिच्यापैकी १ ते १४ टक्केच शिक्षकांमुळे असल्याचे बहुतेक अभ्यासांत आढळते, आणि ही प्रतिमाने सहसंबंध मोजतात, कार्यकारण नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. याचा अर्थ शिक्षकामुळे काही फरक पडत नाही असा कोणी काढू नये, हेही त्याच निवेदनात होते. अर्थ एवढाच, की एका वर्षाच्या एका वर्गाच्या गुणांतून एका शिक्षिकेचा वाटा वेगळा काढून तिला क्रमांक देणे हा आकड्यांवर त्यांच्या कुवतीपलीकडचा भार टाकणे आहे. आकड्यांची कुवत सर्वांत चांगली ओळखणाऱ्या लोकांनी हे सांगितले, म्हणून त्याला वजन आहे.

पण मला तुमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडेही वेधायचे आहे. समजा, तुमच्या वर्गातील दोन मुलांनी ‘५२ वजा ३८’ हे उदाहरण चुकवले. एकाचे उत्तर २६ आहे, दुसऱ्याचे २४. तक्त्यात दोघांनाही शून्य. पहिल्या मुलाने दोन्ही स्थानांवर मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे, म्हणजे ८ मधून २ आणि ५ मधून ३. वरची संख्या आणि खालची संख्या हा भेदच त्याला अजून उमगलेला नाही. दुसऱ्याने एककासाठी दशक सुटा केला, १२ मधून ८ नीट काढले, पण एक दशक दिल्यावर तेथे चारच उरतात हे तो विसरला. पहिल्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे देऊन मुळापासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला कदाचित ‘पाचाचे काय झाले?’ एवढे विचारले तरी पुरेल. वहीवर नजर टाकताच हे ओळखणे, आणि कोणाला काय द्यायचे ते तिथल्या तिथे ठरवणे, हे केवळ गणित येण्याने साधत नाही आणि केवळ मुलांवर माया असल्यानेही साधत नाही. अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या ज्ञानाला शिक्षकाचे स्वतंत्र ज्ञान मानावे असे मांडले. विषय जाणणे आणि तो विषय या वयाच्या मुलांना कोठे व का अडतो हे जाणणे, यांच्या संगमावर ते उभे असते. तुमच्या संस्थेने तुमची पारख करायची तर ती येथे करायला हवी. क्रमवारीत ही जागा कोठेच नाही.

प्रश्न : मी एक पालक आहे. शिक्षकांचे नेहमीचे म्हणणे असते की आम्ही तज्ज्ञ आहोत, आम्हाला मोजू नका. पण शाळा आमच्या करांतून चालते आणि मुले आमची आहेत. लोकशाहीत ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढे उत्तर पुरते का?

उत्तर : पुरत नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि शिक्षकांच्या बाजूने लिहिणारे आम्ही लोक तो अनेकदा टाळतो. तज्ज्ञपणा हा डोळस असतो तसा आंधळाही असतो. वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणाऱ्या शिक्षकाला आपण तसे करतो हे बहुधा कळत नसते, आणि त्याच्या सहकाऱ्यांचीही नजर त्याला सरावलेली असते. अशा वेळी बाहेरून आलेला आकडा उपकारकच ठरतो. अमेरिकेत जानेवारी २००२ मध्ये स्वाक्षरी झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण त्या कायद्याने शाळांना गरीब मुलांचे, अल्पसंख्य वंशगटांचे, अपंग मुलांचे आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांचे निकाल वेगवेगळे दाखवायला भाग पाडले. चांगल्या सरासरीच्या आड दडलेली मुले त्यामुळे कागदावर तरी दिसू लागली. हे काम शिक्षकांच्या तज्ज्ञपणाने आपणहून केलेले नव्हते.

मात्र त्याच कायद्याने २०१४ पर्यंत झाडून सारी मुले ठरलेल्या पातळीवर आली पाहिजेत असे लक्ष्य ठेवले आणि ते न गाठणाऱ्या शाळांवर कारवाईची पायरी-पायरीने वाढणारी साखळी लावली. लक्ष्य गाठणे शक्य नव्हते. २०१५ मध्ये तो कायदाच बदलावा लागला. आकड्याने उजेड पाडणे आणि आकड्यावरून दंड करणे या दोन गोष्टी एकाच कायद्यात होत्या, आणि दुसरीने पहिलीचे पुण्य बरेचसे गिळले.

हा प्रयोग तसा जुनाच आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा सरकारात शिक्षणाचे काम पाहणारे रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये ‘फळाप्रमाणे मोल’ ही पद्धत आली. तपासनीस शाळेत येत, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घेत, आणि मूल ज्या विषयात नापास होई त्या विषयापुरते शाळेचे अनुदान कापले जाई. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. ज्या विषयांना पैसे नव्हते ते मागे पडले, आणि ठरलेले वाचनपुस्तक मुलांकडून इतके घोटून घेतले जाऊ लागले की ती वाचत आहेत की पाठ म्हणत आहेत हे सांगणे कठीण झाले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे तेव्हा स्वतः शाळातपासनीस होते, आणि आपल्या अहवालांतून त्यांनी या यांत्रिकपणाविरुद्ध सतत लिहिले. तरी ती पद्धत पुरती मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडावे लागले. एकदा बसवलेला हिशेब उठवणे किती अवघड असते, हे यावरून दिसते.

तेव्हा तुमचा हक्क नेमका कशावर आहे, असे विचाराल तर मी म्हणेन, कारणांवर. शिक्षिकेने अमुक मुलाला पुढचा धडा का दिला नाही, वर्गात गटकाम का ठेवले, गृहपाठ का कमी केला, याचे तुम्हाला समजेल असे उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते पटले नाही तर तसे म्हणण्याची जागाही शाळेत असली पाहिजे. ध्येय लोकांनी ठरवावे आणि रीत शिक्षकाने, अशी सोपी वाटणी पुष्कळजण सुचवतात. ती मला अपुरी वाटते. मुलांनी विचार करायला शिकावे हे ध्येय सभेत एकमताने मंजूर होते. पण मुलाने ‘बाई, तुमचे उत्तर चूक आहे’ म्हटल्यावर बाई काय करतात, यावर त्या ध्येयाचे खरे रूप ठरते. ध्येयाचा हा भाग वर्गातच घडत असल्याने त्याविषयी पालक आणि शिक्षक यांनी एकमेकांशी बोलत राहण्याला पर्याय नाही. तुमच्या शाळेत हे बोलणे आकड्यांच्या पत्रकावर संपत असेल, तर तुम्हाला तुमच्या हक्कापेक्षा कमीच मिळते आहे.

प्रश्न : माणूस पक्षपात करतो, संगणक करत नाही. मग शिक्षकांच्या मतापेक्षा गणिती सूत्रावर विसंबणे अधिक न्याय्य नव्हे का?

उत्तर : याची जाहीर परीक्षा २०२० मध्ये इंग्लंडमध्ये होऊन गेली. महासाथीमुळे शालान्त परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातील क्रम कळवला. नियामक संस्थेने मात्र शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल धरून सूत्राने श्रेणी ठरवल्या. ऑगस्टमध्ये ‘ए लेव्हल’चे, म्हणजे विद्यापीठप्रवेशाआधीच्या अखेरच्या शालेय परीक्षेचे, निकाल लागले तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्या श्रेणीपेक्षा खाली आलेल्या होत्या. ज्या शाळेतून पूर्वी कोणी वरची श्रेणी मिळवली नव्हती, तेथील हुशार मुलीला तिच्या शाळेचा इतिहास नडत होता. एखादा विषय घेणाऱ्या मुलांच्या अगदी छोट्या गटांत मात्र सूत्र लागू न करता शिक्षकांचीच श्रेणी ठेवली होती, आणि असे छोटे गट खासगी शाळांत अधिक असतात. सूत्रात पक्षपात करणारा कोणी बसलेला नव्हता. पक्षपात आकड्यांत आधीच होता. चार दिवसांत सरकारला माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

पुढचा भाग शिक्षकांच्या बाजूचे लोक सहसा सांगत नाहीत. शिक्षकांच्या श्रेणी धरल्यावर वरच्या दोन श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण आदल्या वर्षीच्या सुमारे २५ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर गेले. एका वर्षात मुले एवढी हुशार होत नाहीत. आपल्या विद्यार्थ्याला संशयाचा फायदा देणे प्रत्येक शिक्षकाला एकेकटे योग्यच वाटते, आणि हजारो शिक्षकांनी तो दिला की श्रेणीचा अर्थ पातळ होतो. म्हणून शिक्षकाच्या निर्णयालाही बाहेरचा आधार लागतो: दुसऱ्या शाळेतील शिक्षकाने काही उत्तरपत्रिका नाव न पाहता तपासणे, एकाच उत्तराला दोघांनी वेगळे गुण का दिले यावर बसून बोलणे. हे काम वेळखाऊ असते आणि सूत्र स्वस्त पडते. वादाचे खरे मूळ बऱ्याचदा येथेच असते.

सूत्र गुप्त असेल तर त्यावर विसंबण्याचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मुलांच्या गुणांतील वाढीवरून शिक्षकांचे गुणांक एका खासगी कंपनीच्या सूत्राने काढले जात आणि ते सूत्र कंपनीचे व्यापारी गुपित असल्याने गुणांक बरोबर की चूक हे शिक्षकाला पडताळून पाहता येत नसे. तेथील शिक्षकसंघटनेच्या दाव्यात संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये या मुद्द्यावर शिक्षकांचे म्हणणे सुनावणीयोग्य मानले, आणि त्याच वर्षी तडजोड होऊन न तपासता येणाऱ्या अशा गुणांकांवरून कोणाला कामावरून काढण्याची प्रथा थांबली. जो निर्णय ज्याच्यावर लादला जातो त्याला तो तपासता येत नाही, तो शाळेत नसावा.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. निकालांचे पत्रक वरून मागितले जाते, ते मी टाळू शकत नाही. शिक्षकांवर अविश्वास न दाखवता या माहितीचा उपयोग कसा करू? आणि खरोखरच कच्च्या शिक्षकाचे काय करू?

उत्तर : पहिली गोष्ट, पत्रकाला जितके मोठे बक्षीस किंवा शिक्षा चिकटवाल तितके ते बिघडेल. समाजमानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्ये हा नियम सांगितला: एखादा निर्देशक निर्णयासाठी जितका अधिक वापरला जाईल तितका तो भ्रष्ट होण्याचा आणि ज्या कामावर त्याने नजर ठेवायची ते काम बिघडवण्याचा संभव वाढतो. अमेरिकेतील अटलांटा शहरात हे टोकाला गेले. २०११ च्या राज्यस्तरीय चौकशीत ४४ शाळांत गैरप्रकार झाल्याचे आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे अहवालात आले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची खूण खोडून बरोबर खूण केली जात होती. ज्या मुलाला मदत हवी होती त्याला कागदावर सारे येत होते, म्हणून त्याला मदत मिळाली नाही. या प्रकरणातील हा भाग मला सर्वांत लाजिरवाणा वाटतो.

व्यवस्थेची प्रकृती जाणून घ्यायला प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक शिक्षकाला मोजावे लागत नाही. अमेरिकेतच १९६९ पासून चालू असलेली राष्ट्रीय शैक्षणिक प्रगती चाचणी मुलांच्या नमुन्यावर घेतली जाते. कोणतेही मूल पूर्ण चाचणी देत नाही आणि त्याला वैयक्तिक गुणही मिळत नाहीत. फिनलंडमध्येही मूलभूत शिक्षणाच्या टप्प्यावर नमुन्यावर आधारित चाचण्या असतात, आणि शाळातपासणीची जुनी पद्धत तेथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली. अर्थात तेथे शिक्षक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते आणि प्रवेशालाच कडक निवड असते. तेथील मोकळीक उचलायची आणि तिच्या मागची तयारी सोडायची, असे करून चालणार नाही.

तुमच्या शाळेपुरते बोलायचे तर पत्रक वर पाठवा आणि उत्तरपत्रिका खाली ठेवून घ्या. बेरीज पाहण्यापेक्षा प्रश्न पाहा. सातव्या प्रश्नात सत्तर टक्के मुले चुकली असतील, तर चुकलेल्या उत्तरांच्या राशी करायला तीन-चार शिक्षकांना एकत्र बसवा. राशी पडू लागल्या की बोलणे ‘कोणाचा वर्ग मागे’ येथून ‘मुले येथे का घसरतात’ येथे आपोआप येते. मग त्या घटकाचा एक पाठ सर्वांनी मिळून आखावा, एकाने शिकवावा, बाकीच्यांनी मागे बसून शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहावे, आणि नंतर तो दुरुस्त करून दुसऱ्याने दुसऱ्या वर्गात घ्यावा. जपानमध्ये पाठ-अभ्यासाची ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. शिक्षणसंशोधक पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये वर्गातील मूल्यमापनावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्याचाही रोख हाच होता: माहितीवरून पुढचे शिकवणे बदलले तरच तिचा मुलांना लाभ होतो. येथे एक सूचना करतो. या बैठकीसाठी वेळापत्रकात तास ठेवा. शाळा सुटल्यावरच्या अर्ध्या तासात, घड्याळाकडे पाहत, हे होत नाही.

आता कच्च्या शिक्षकाबद्दल. असे शिक्षक असतात, आणि त्यांना सांभाळून घेणे म्हणजे मुलांवर अन्याय करणे होय. लागोपाठ तीन वर्षे एखाद्या वर्गाचे निकाल घसरत असतील तर ती खूण मानून त्या वर्गात जा. पण एकदा नव्हे, अनेकदा, आणि विषय जाणणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकाला सोबत घेऊन. काय दिसले ते लेखी द्या, मदत द्या, मुदत द्या. एवढे करूनही वर्ग तसाच राहिला तर निर्णय घ्या आणि त्याखाली स्वतःची सही करा. आकड्याआड लपणारा मुख्याध्यापक शिक्षकाला ‘मी काय करू, तुमचा गुणांकच असा आला’ असे सांगतो. त्याच्याकडे दाद मागता येत नाही, कारण निर्णय त्याने घेतलेलाच नसतो.

कडक मूल्यमापन आणि मोठी बक्षिसे यांनी सारे सुधारेल अशी आशा असेल, तर गेट्स प्रतिष्ठानने अमेरिकेतील तीन शिक्षणजिल्ह्यांत आणि चार शाळासमूहांत राबवलेल्या मोठ्या प्रकल्पाकडे पाहावे. त्यावर पन्नास कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, आणि रँड या संशोधनसंस्थेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या प्रगतीबाबतची उद्दिष्टे साध्य झाली नाहीत.

प्रश्न : मी ज्या छोट्या शाळेत काम करतो तेथे नियम मुलांच्या सभेत ठरतात आणि सक्तीच्या परीक्षा नाहीत. अधिकारी विचारतात, ‘शिक्षण होते याचा पुरावा काय?’ आम्ही काय दाखवावे?

उत्तर : इंग्लंडमधील समरहिल शाळेपुढे हाच प्रश्न आला होता. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या या शाळेत तासांना बसणे ऐच्छिक आहे. १९९९ मधील तपासणीनंतर सरकारने याच मुद्द्यावर नोटीस काढली. २००० साली प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले आणि चौथ्या दिवशी सरकार तडजोडीला तयार झाले. तडजोड स्वीकारायची की नाही यावर शाळेच्या मुलांनी न्यायालयाच्या दालनातच आपली सभा भरवून मतदान केले. यापुढील तपासण्यांत शाळेची विचारसरणी आणि मुलांचे म्हणणे लक्षात घेतले जाईल, असे त्या तडजोडीत होते. मुले काय शिकली याचा पुरावा त्या सभेपेक्षा चांगला कोणता देता आला असता, असे मला वाटून जाते.

तरी अधिकाऱ्यांचा प्रश्न उडवून लावू नका. मुलांच्या कामाचे वर्षभराचे संग्रह, सभेची इतिवृत्ते, शाळा सोडून गेलेली मुले पुढे कोठे आहेत याची नोंद, आणि जी मुले अडली त्यांच्यासाठी तुम्ही काय केले याचा प्रामाणिक वृत्तान्त, हे सारे तुमच्याकडे हवे. अशा शाळांत एक धोका असतो. अमेरिकेतील १९६८ पासूनच्या सडबरी व्हॅली शाळेत शिक्षकवर्गाची दरवर्षी गुप्त मतदानाने फेरनिवड होते आणि त्या मतदानात मुलांनाही मत असते. शिक्षकाला मुलांपुढे उत्तरदायी करण्याची ही पद्धत धीट आहे. परंतु शिक्षक आपल्याला आदराने वागवतो का, ऐकून घेतो का, हे मुले उत्तम सांगू शकतात. तो जे शिकवत नाही ते शिकवले असते तर काय मिळाले असते, हे त्यांना अजून माहीत नसते. त्यासाठी विषय जाणणारा सहकारी लागतोच. तुमच्या शाळेत बाहेरचा एक अनुभवी शिक्षक वर्षातून काही दिवस येऊन राहील, पाहील आणि मुलांच्या सभेतच आपले निरीक्षण मांडेल अशी सोय केलीत, तर अधिकाऱ्यांना दाखवायलाही काही राहील आणि तुम्हालाही उपयोग होईल.

प्रश्न : शिक्षकांचे गुणांक नावांसकट जाहीर करावेत का? पारदर्शकता म्हणून मी हे सुचवणार आहे.

उत्तर : सुचवू नये. लॉस एंजेलिसमध्ये २०१० साली एका वृत्तपत्राने सुमारे सहा हजार प्राथमिक शिक्षकांचे असे गुणांक नावांनिशी छापले. पहिल्या उत्तरात सांगितलेली सारी अनिश्चितता त्या आकड्यांत होती. छापील नावाशेजारी ती कोणाला दिसत नाही. जाहीर करायचेच असेल तर शाळा शिक्षकांची पारख कोणत्या रीतीने करते, त्यासाठी वर्षभरात कोण किती वेळा वर्गात जाऊन बसले, आणि त्यातून शिकवण्यात कोणता बदल झाला, हे जाहीर करा. पालकांच्या पुढच्या सभेत यावर प्रश्न विचारता येतील. गुणांकांच्या यादीवर फक्त शेरे मारता येतात.